उजवा गाल

९ जून, सोमवार

ही डायरी २००९ची आहे. बाबांना गोदीतून दर वर्षी दोन मिळायच्या. एक ते वापरायचे, दुसरी "लागेल कधीतरी" म्हणून कपाटात जायची. सोळा वर्षांनी लागली. वार एक दिवसाने चुकतात, ते खोडून लिहितेय.

हर्षवर्धनला 'प्रोसेस नोट्स' हव्या आहेत, म्हणजे काम कसं घडत गेलं त्याच्या नोंदी. तो प्रदर्शनाचा क्युरेटर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि मला 'देविका मॅम' म्हणतो, त्यामुळे मी आणखीच म्हातारी होते. २२ ऑगस्टला लोअर परळला प्रदर्शन उघडतंय. सात कलाकार, त्यात मी. ज्या गिरणीच्या आवारात मी सतरा वर्षं जाहिरातींसाठी मातीचे दात नाचवले, मातीची बिस्किटं हसवली, त्याच आवारात. मार्चमध्ये स्टुडिओने मातीचं काम बंद केलं. निरोपाला केक आणला होता, त्यावरही दातच होता.

तर पंचेचाळिसाव्या वर्षी हे माझं पहिलं स्वतःचं काम. हे फसलं तर पुढे काय, ते मला खरंच माहीत नाही. हर्षवर्धनला ज्या नोट्स हव्यात त्या वेगळ्या लिहून देईन. ह्या माझ्या.

फिल्म तीन मिनिटांची. एक माणूस खुर्चीत बसलाय. त्याचा चेहरा एका बाजूने हळूहळू खाली ओघळतो. तो हाताने उचलून परत जागेवर लावतो. दर वेळी थोडा चुकीचा लागतो. बस्स, एवढंच. सेकंदाला बारा फोटो, आणि दोन फोटोंच्या मध्ये गाल केसभर खाली ढकलायचा. एकूण दोन हजार एकशे साठ. जाहिरातीतली तेलकट माती नको, ती फार आनंदी दिसते. शाडूच हवा. शाडू दिव्याखाली वाळतो, त्याला बारीक चिरा पडतात, कातडी वाटते.

लालबागहून गोणी आणली. माती अगदीच रद्दी निघाली. गाल जरा ओढला की तुकडाच पडतो.

सकाळी बाबांची दाढी केली. सोमवार आणि शुक्रवार हे दाढीचे वार. घरी येणारा न्हावी फेब्रुवारीत गावी गेला तो गेलाच, आणि आईचे हात थरथरतात. बेसिनसमोर त्यांची खुर्ची ठेवते, वर ट्यूबलाइट आहे, मी मागे उभी राहून आरशात बघत करते. न्हावी करतो तसंच. वीस मिनिटं लागतात आणि पाठीचे तुकडे पडतात.

१२ जून, गुरुवार

मागच्या बाल्कनीतल्या निळ्या टबातली माती घेतली. सगळी.

लिहून ठेवते, म्हणजे मनात घोळत राहणार नाही. आमच्याकडे गणपती विकत आणत नाहीत. बाबा घरीच करतात, वयाच्या बाराव्या वर्षापासून. दीड वीत उंच, रंग नाही, नुसता शाडू. फक्त डोळे लिहायचे, तेही त्यांच्या ड्रॉइंगच्या काळ्या शाईने. आयुष्यभर गोदीत जहाजांचे नकाशे काढलेला माणूस, दुसरा रंग त्यांना चालतच नाही. पूर्वी आम्ही चौपाटीवर विसर्जन करायचो. लॉकडाऊनच्या वर्षी घरीच टबात केलं. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, एवढी चांगली माती फेकायची कशाला? वाळवली, ठेवली, पुढच्या वर्षी भिजवून त्याच मातीचा गणपती केला. तेव्हापासून तोच शाडू, वर्षाआड मूठभर नवा. आतापर्यंत पाच जोड्या डोळे त्या मातीत विरघळलेत, त्यामुळे ती थोडी काळसर झाली आहे. हाताला लोण्यासारखी लागते.

ह्या वर्षी गणपती कोण करणार आहे? बाबांचा उजवा हात मांडीवर पडून असतो. गेल्या नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता एखाददुसरा शब्द येतो, तोही खूप वेळ वाट बघायला लावून.

माती नुसतीच पडून होती. प्रदर्शन संपलं की परत ठेवता येईल.

१९ जून, गुरुवार

चेहरा जमला. तारेच्या सांगाड्यावर माती चढवली आणि दीड तासात माणूस समोर आला. इतकं सहज काही कधीच झालं नव्हतं. फोटो नाही, स्केच नाही. पापणीखालची पिशवी, ओठाचा लोंबता कोपरा, त्याखाली जमणारी ओल, सगळं हातांना आपोआप येत होतं.

कोणासारखा दिसतो, असं हर्षवर्धनने फोनवर विचारलं. म्हटलं, कोणीच नाही. कोणीही.

३ जुलै, गुरुवार

चारशे दहा फोटो झाले. मान आखडली आहे. वीस मिनिटांनी माती वाळायला लागते, मग पाण्याचा फवारा, मग थांबायचं, मग पुन्हा. काम संपलं की त्याच्यावर ओलं फडकं टाकते. फडकं टाकताना आधी तोंड झाकते, मग बाकीचं. का, ते माहीत नाही.

आईने दुपारी बोंबलाचं भुजणं केलं होतं. बाबांना भरवलं. आईने दारातून खोलीत डोकावून विचारलं, "त्या बाहुल्यावर कपडा कशाला गं? भीती वाटते."

म्हटलं, वाटायलाच हवी.

"मग उघडा ठेवलास तर काय वाटेल?" असं म्हणून गेली. आईचं काही सांगता येत नाही.

१४ जुलै, सोमवार

हर्षवर्धन आला होता. दीड मिनिटाची फिल्म तयार आहे, ती दाखवली. खुर्चीत पुढे सरकून बसला, मग मागे झाला.

"मॅम, हे फारच डिस्टर्बिंग आहे यार. म्हणजे मस्त. पण डिस्टर्बिंग."

सतरा वर्षांत मला लोकांनी 'क्यूट' म्हटलंय. मला रडू यायचं बाकी होतं.

मग मुख्य गोष्ट. त्याला नुसती फिल्म नको, बाहेर काचेच्या पेटीत हा माणूसही हवा. सिंगापूरच्या एका संग्रहालयाची बाई उद्घाटनाला येते आहे. तिने फोटो बघितलेत. आवडलं तर दोन्ही कायमचं तिकडे नेणार, फिल्म आणि फिगर. "पण फिगर मस्ट आहे. त्याच्याशिवाय ती घेणार नाही."

'कायमचं' ह्या शब्दावर मला निळा टब आठवला. मी हो म्हटलं.

निघताना हॉलमध्ये बाबा बसले होते. हर्षवर्धनने नमस्कार केला. बाबांनी डावा हात वर केला. हर्षवर्धन त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे, मग बूट घालायला लागला. बुटाची नाडी दोनदा बांधली. ह्या पिढीला आजारी माणसं बघायची सवयच नाही.

२१ जुलै, सोमवार

आज दाढी करताना कापलं. माझी चूक नव्हती. अर्ध्यावर बाबांनी माझं मनगट धरलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळायला लागले. "ब... बघ," म्हणाले. "इथे."

कुठे राहिलंय म्हणून आरशात नीट बघितलं. कुठेच राहिलं नव्हतं. "झालंच बाबा, हलू नका," म्हटलं आणि खुर्ची सरळ केली. ते पुन्हा वळले. ब्लेड हनुवटीला लागलं. थेंबभर रक्त, पण आईने एवढ्या जोरात "अगं बाई" केलं की शेजारच्यांनी बेल वाजवली.

हट्टीपणा वाढत चाललाय त्यांचा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

२३ जुलै, बुधवार

दीपिका आवाजाचं बघायला आली. स्टुडिओतली माझी जुनी जोडीदार, माझे सगळे दात तिच्याच आवाजात हसले. ओली माती दाबल्याचा आवाज छान मिळाला. पण माणसाचा श्वास हवा होता. मी परवा दुपारी मोबाइलवर टिपलेला एक ऐकवला.

"कोणाचा आहे हा?"

"बाबांचा. झोपले होते, फोन जवळ होता माझ्या. एवढा चांगला स्टुडिओत मिळाला नसता."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "देवू, तुला खरंच कळत नाहीये का?"

"काय?"

"काही नाही. चहा टाक."

लोकांना सगळ्यात आत्मचरित्र दिसतं. माझा माणूस टकला आहे, जाड आहे, त्याचं नाक वेगळं आहे. बाबांचे केस अजून सगळेच्या सगळे आहेत. हे दीपिकाला सांगायला हवं होतं.

२७ जुलै, रविवार

परवा मंगळवारी नागपंचमी. ती झाली की आमच्याकडे माती भिजवायची असते. मला वाटलं होतं ह्या वर्षी कोणी काढणार नाही, पण आई बाजारातून येताना म्हणाली, "लहानसा का होईना, आपण दोघी मिळून करू. त्यांना बरं वाटेल."

लालबागला दुसऱ्या दुकानातून चांगला शाडू आणला. टबात भरला, वर जुनं गोणपाट टाकलं. कोणाला काय कळतंय.

३० जुलै, बुधवार

कळलं.

आईने टब ओढत हॉलमध्ये आणला, पाणी घातलं, गोळा मळला आणि बाबांच्या डाव्या हाताखाली ठेवला. ते हसत होते. बऱ्याच दिवसांनी. अंगठ्याने दाबलं, थोडी माती चिमटीत घेऊन चोळली, डोळ्यांजवळ नेली. मग हात टॉवेलला पुसला.

"नाही," म्हणाले.

"अहो, काय नाही? नीट भिजली नाही का?" आईने विचारलं.

"नाही." माझ्याकडे बघत होते. मी टबाकडे बघत होते.

"तीच आहे बाबा," मी म्हटलं. "वर्षभर वाळल्यामुळे वेगळी लागते."

आईने त्यांना समजावलं, मग चिडली. मी तोंडावर खोटं बोलले, ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाशी. झोपायला जाताना हे शब्दांत सुचलं, म्हणून उठून लिहिलं.

४ ऑगस्ट, सोमवार

बाबा दाढी करू देत नाहीत. खुर्ची बेसिनपाशी नेली की डाव्या पायाने जमिनीला रेटा देतात.

फिल्म पूर्ण झाली. दोन हजार एकशे साठ. आनंद व्हायला हवा होता. मी दोन तास लादीवर पडून राहिले, पंख्याकडे बघत.

९ ऑगस्ट, शनिवार

बाबांनी नारळी भाताला हात लावला नाही. दाढीचे खुंट पांढरे झालेत. घरात तिघं आहोत आणि तिघांपैकी ज्याला बोलता येत नाही तोच सगळ्यात जास्त बोलतोय, असं वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी टबापासून सिंगापूरपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं होतं आरडाओरड करेल.

"त्या मातीची पाच वर्षं पूजा झालीय," एवढंच म्हणाली.

"माहितेय."

"मग आण की परत."

"आई, ती फिगर गेली तर माझं कामच जातं. ती बाई नुसती फिल्म घेणार नाही. तुला कळतंय का, दुसरी संधी नाहीये मला."

आईने देठ एका बाजूला सारले. "मला नको सांगूस. मी तुझी माती नाही मळत. त्यांना सांग. समोर बसून सांग."

उद्या सांगते म्हटलं. आज रविवार, त्यांना झोप लागली होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं नव्हतंच. काचेच्या पेटीची मापं बघायला लोअर परळला गेले होते. चारला परत आले तर आई दारातच.

"तुझ्या खोलीत आहेत. मी नाही नेलं. वॉकर घेऊन स्वतःच गेले. तासभर झाला."

बाबा माझ्या स्टुलावर बसले होते. ओलं फडकं काढून, डाव्या हाताने घडी घालून गुडघ्यावर ठेवलं होतं. समोर तो माणूस. दोघांची तोंडं एकाच उंचीवर. दोन आठवड्यांची दाढी.

"ये," म्हणाले.

मी आत येता येताच बोलायला लागले. "बाबा, हे तुम्ही नाही. हे कोणीच नाही. माती मी घेतली, ते चुकलं, पण हे तुम्ही नाही." त्यांनी विचारलंही नव्हतं.

त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं, त्या माणसाच्या ओघळलेल्या गालावर ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या लोंबत्या गालावर ठेवलं.

"उजवा."

मला वाटलं शब्द चुकला. असे शब्द उलटेपालटे होतात, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आपण हो म्हणायचं असतं. "हो बाबा, उजवा."

इतके चिडले की वॉकर आडवा झाला. माझं मनगट पकडलं, माझं बोट मातीच्या गालावर दाबलं. मग ओढून स्वतःच्या गालावर नेलं. गरम होता, खरखरीत. "उजवा," पुन्हा म्हणाले, प्रत्येक अक्षर उचलून.

त्यांचा उजवा. मातीच्या माणसाचा मी डावा केलाय. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत डावा.

माझ्या तोंडात आलं होतं, मग बघा, म्हणूनच तर सांगते, हे तुम्ही नाही. पण त्याआधी ते म्हणाले, "आरसा."

मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी थांबले. माझ्याकडे बोट केलं. "तू. आरशात." पुन्हा थांबले. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट. "इथे. बघ."

२१ जुलैला हेच म्हणाले होते. मी आरशात बघितलं होतं.

लाज वाटतेय, तरी लिहिते. नोव्हेंबरपासून मी माझ्या वडिलांच्या तोंडाकडे सरळ बघितलेलं नाही. भरवताना वाटीकडे बघते. बोलताना खांद्याकडे. औषध देताना ग्लासकडे. फक्त दाढीच्या वेळी आरशात बघते, तेही त्यांच्या पाठीमागे उभी राहून. माझ्या हातांना जो चेहरा पाठ झाला तो आरशातला होता. मी कोणालाच बनवत नाहीये असं म्हणत ज्याला बनवलं, त्यालाही उलटा बनवला.

खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर, त्या ओल्या फडक्यावर डोकं ठेवलं. त्यांनी मातीच्या माणसाच्या कानामागून चिमूटभर माती काढली, बोटांत चोळली.

"आपली," म्हणाले.

"हो."

१६ ऑगस्ट, शनिवार

खाली दहीहंडीचे स्पीकर. खिडक्या बंद करून बाबांना फिल्म दाखवली. त्यांनीच मागितली.

श्वासाचा आवाज आल्यावर वळले. "मी?"

"तुम्ही. न विचारता घेतला. काढून टाकू?"

मान हलवली. नको. तीन मिनिटं मन लावून बघितली, पूर्वी ट्रेसिंगवरच्या रेषा तपासायचे तशी. संपल्यावर म्हणाले, "असं नाही."

मग डावा हात वर उचलला आणि मांडीवर सोडून दिला. धप्प. "एकदम."

मी सहा-सात आठवडे केसभर, केसभर खाली आणला होता तो गाल. त्यांचा एका सकाळी, चहा आणि पेपरच्या मध्ये पडला होता. कसा पडला, ते मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"पुन्हा," म्हणाले. पुन्हा लावली.

मग मी सिंगापूरचं सांगितलं. समोर बसून, तोंडाकडे बघून. अवघड जातं, नजर सारखी घसरते. म्हटलं, माती परत हवी असेल तर सांगा. नको असेल तरी सांगा. त्यांनी बराच वेळ घेतला. मला वाटलं वाक्य येईल.

"तुझं," एवढंच म्हणाले. म्हणजे ठरवायचं मीच. झटका येण्याआधीही असेच होते ते.

१८ ऑगस्ट, सोमवार

दाढी केली. खुर्ची खिडकीपाशी, मी समोर स्टुलावर. गुडघ्याला गुडघे लागत होते.

उजवी बाजू तरुण आहे. हे मला कुठे माहीत होतं? सुरकुत्या सगळ्या डावीकडे आहेत. उजवं कपाळ सपाट, गाल गुळगुळीत, नुसता खाली आलेला. उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, त्यातून पाणी येतं, ते मी आजवर साबणाचं समजत होते. वरच्या ओठाजवळ एक तीळ आहे, तो मी विसरूनच गेले होते. चाळीस मिनिटं लागली. कुठे कापलं नाही.

मग हर्षवर्धनला फोन केला. फिगर येणार नाही म्हटलं.

"मॅम, कॅटलॉग छापून झालंय. फिगर म्हणजे अर्धं वर्क आहे. ती बाई परवा लँड होतेय!"

"माती घरच्या गणपतीची आहे. सव्वीस तारखेच्या आत लागणार. चूक माझी आहे."

"दुसरी फिगर करा ना. सेम टू सेम. चार दिवस आहेत."

करता आली असती. लालबागचा शाडू टबात तसाच पडला होता. पण आता मला तो चेहरा तसा येणार नाही. हे त्याला सांगितलं नाही. "नाही जमणार," म्हटलं.

मग त्याने वेगळ्याच आवाजात विचारलं, "तुमचे बाबा ना ते?"

"हो."

पहिल्यांदा म्हटलं. आभाळ वगैरे कोसळलं नाही.

"ओके," म्हणाला. "मग मोठी रूम दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. तुमची फिल्म पॅसेजमध्ये टाकतो. सॉरी मॅम." खरंच वाईट वाटत होतं त्याला. मलाही. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी टबातली नवी माती काढून बादलीत भरली. मातीच्या माणसाला तारेसकट टबात बसवलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले आणि हात पुढे होईना. हो, एवढं सोपं नव्हतं. माझं होतं ते. बाबांनी तांब्याला खालून डावा हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून ओतलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्घाटन. पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी माझी फिल्म. बाजूला काचेची पेटी, तिच्यात नुसता तारेचा सांगाडा, धुऊन पुसून नेलेला. हर्षवर्धनची कल्पना. वाईट दिसत नव्हता.

लोक बाथरूमला जाताना थबकत. काही परत येताना पुन्हा थांबत. एका बाईंनी विचारलं, "फिगर कुठे आहे?"

"घरी. टबात भिजतोय."

त्या हसल्या, त्यांना ते कामाचाच भाग वाटलं. सिंगापूरच्या बाईंनी फिल्म पूर्ण बघितली, माझा हात धरून 'फार छान' म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. तिथे त्या पाऊण तास होत्या.

पॅसेज लहान आहे. बाबांचा श्वास सगळीकडे भरून राहिला होता. लोक त्यातून ये-जा करत होते, हातात ग्लास घेऊन. मला सहन होईना. सातला निघाले, घरी आले तर बाबा जागे, आणि तोच श्वास. चहा केला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गणपती झाला. पोट बाबांच्या डाव्या तळव्याने दाबून केलं, त्यामुळे एका बाजूला कललेलं आहे. सोंड, हात, पाट माझे. सतरा वर्षांच्या दातांचा काही उपयोग झालाच, सुळा झकास जमला.

राहिले डोळे. आईने ड्रॉइंगची शाई आणि बारीक ब्रश आणून ठेवला. बाबांनी ब्रश डाव्या हातात घेतला, टोक हवेत थरथरत राहिलं. मग माझ्याकडे दिला.

"मला नाही येत, बाबा. डोळे तुमचेच."

"बघ," म्हणाले. बोट स्वतःच्या डोळ्यांकडे.

मूर्ती मध्ये, पलीकडे बाबा. त्यांच्याकडे बघायचं, एक रेघ काढायची. पुन्हा बघायचं, पुन्हा रेघ. आधी डावा लिहिला. मग उजवा. ह्या वेळी बाजू नीट मोजून घेतली, त्यांचा उजवा तो त्याचा उजवा. जसा होता तसाच लिहिला. केसभर खाली, पापणी पूर्ण न मिटणारी.

आई हात पुसत आली. वाकून बराच वेळ बघत राहिली. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावून बघितलं. मग बाबांकडे बघितलं, मग मूर्तीकडे.

"अगं, ह्याचा उजवा डोळा खाली आलाय."

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"असू दे," आई म्हणाली. "दीड दिवस तर राहायचंय." आणि जास्वंद आणायला आत गेली. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, नळ मात्र चालू होता.

बाबा हसले. हसताना त्यांची फक्त डावी बाजू वर जाते. मी समोरच होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

विसर्जन झालं. निळ्याच टबात. आधी शाई सुटली, मग बाकीचं बसायला लागलं. माती जराशी आणखी काळी होईल.

हर्षवर्धनचा मेसेज होता, पॅसेजमधल्या फिल्मविषयी कोणीतरी लिहिलंय, वाचा म्हणून. उद्या वाचेन, आज हात शिणलेत. पुढे काय करायचं ते अजूनही माहीत नाही.

बाबांची दाढी वाढली आहे. उद्या शुक्रवार. स्टूल खिडकीपाशी ठेवून आले.